पावाची टेस्ट

"ताई, आता दुसऱ्या हाताला बघा. या हातात काय उरलं न्हाय," बाळाराम भोईर म्हणाले.

दोनदा सुई टोचून झाली होती आणि शीर सापडत नव्हती. खुर्चीत त्यांची मुलगी दर्शना बसली होती. वय एकोणीस. आमच्या लॅबच्या काट्यावर ती चौतीस किलो भरली होती. मी हातमोज्यात कोमट पाणी भरलं, गाठ मारली आणि तो फुगा तिच्या पंजावर ठेवून पाच मिनिटं थांबले. शिरा वर यायला याच्यासारखा उपाय नाही. हाताच्या मागच्या बाजूला एक बारीक निळी रेघ दिसली. तिथून रक्त आलं. दर्शना हूं की चूं करत नव्हती. दोन वर्षं टोचून घेणाऱ्या माणसाला सुईचं काही वाटेनासं होतं.

ही २००७ सालची गोष्ट. मी तेव्हा भिवंडीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते.

भोईर कोन गावचे, म्हणजे कल्याण-भिवंडी रोडवरचे. खाडीकाठची शेती, आता बरीचशी गोडाउनखाली गेलेली. घरात खायला-प्यायला कमी नव्हतं, पण मुलीच्या अंगी लागत नव्हतं. दिवसातून आठ-दहा वेळा संडासला जायला लागायचं. पोटात उजवीकडे, खाली दुखायचं. संध्याकाळी कणकण. एस.वाय.बी.कॉम.ला होती ती. कॉलेजात मुलींच्या संडासाला कुलूप असायचं आणि किल्ली शिपायाकडे. दर तासाला शिपायापुढे जाऊन हात पसरायचा, मागे मुली हसायच्या. कोनहून यायला वीस मिनिटांची टमटम, तीही दोनदा मधेच थांबवून उतरावं लागलं. मग तिने कॉलेजच सोडलं. चुलतभावाच्या हळदीला सगळं गाव अंगणात नाचत होतं आणि ही आतल्या खोलीत पोट धरून बसलेली. तेव्हापासून आईनेही कुणाच्या हळदीला जायचं बंद केलं. भगताकडे नेऊन झालं होतं. अंगारे झाले होते.

डॉक्टरी उपायही झाले होते. पहिल्या डॉक्टरांनी आतड्याचा टीबी धरला. आमच्याकडे तोच आधी मनात येतो आणि यायलाच हवा. सहा महिने टीबीची औषधं झाली. ताप गेला, वजन दोन किलो वाढलं, आणि पुन्हा सगळं मूळपदावर आलं. मग कल्याणच्या पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून आतडं पाहिलं. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथे जखमा होत्या. आता पंचाईत अशी की टीबीच्या जखमा तिथेच होतात आणि क्रोन्स नावाच्या रोगाच्याही तिथेच होतात. क्रोन्समध्ये जंतूंचा हल्ला नसतो. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. जखमेचा तुकडा तपासला तर त्यात टीबीचे जंतूही सापडेनात आणि टीबी नाहीच असंही लिहिता येईना.

दोन्ही रोगांची औषधं एकमेकांच्या विरुद्ध दिशेची. टीबीत जंतू मारायचे. क्रोन्समध्ये शरीराचीच प्रतिकारशक्ती थोडी दाबून ठेवायची. टीबी असताना प्रतिकारशक्ती दाबली तर टीबी भडकतो, माणूस जाऊ शकतो. औषध द्यायचंच नाही म्हटलं तर ही मुलगी चौतिसावरून तिसावर जाणार. म्हणून कल्याणच्या डॉक्टरांनी आणखी एक पुरावा मागवला. चिठ्ठीवर दोन टेस्ट होत्या, अ‍ॅस्का आणि पी-अँका.

या दोन्ही अँटिबॉडीच्या टेस्ट. अँटिबॉडी म्हणजे शरीराला एखादी गोष्ट परकी वाटली की तिला धरून ठेवण्यासाठी रक्तात तयार होणारं प्रथिन. पी-अँका आपल्याच पांढऱ्या पेशींविरुद्ध असते. आतड्याच्या दुसऱ्या एका सुजेच्या रोगात, अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, ती जास्त सापडते. अ‍ॅस्का ही खमिराविरुद्ध असते. होय, पाव फुगवतात तोच खमीर. क्रोन्सच्या बऱ्याच पेशंटच्या रक्तात ती सापडते.

आमच्या लॅबमध्ये या टेस्ट होत नव्हत्या. आम्ही रक्त गोठू द्यायचो, मशीनवर फिरवायचो आणि वरचं पिवळं पाणी, म्हणजे सीरम, वेगळं काढून बर्फाच्या डब्यातून मुंबईच्या मोठ्या लॅबला पाठवायचो. भिवंडीत तेव्हा रोजचं लोडशेडिंग. लूम बंद, पंखे बंद, पण आमचा फ्रीज इन्व्हर्टरवर चालू असायचा. त्या फ्रीजचं तापमान दर दोन तासांनी वहीत लिहायचं काम माझं. ती वही मी कधी चुकवली नाही.

थोडं माझ्याविषयी सांगते, कारण पुढच्या चुकीचं मूळ त्यात आहे. माझे वडील नारपोलीत लूमवर होते, आई कांड्या भरायची. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झाले, मग डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला. पाचवीत असताना एकदा वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीतून स्वतःचा रिपोर्ट काढून माझ्यापुढे धरला होता. म्हणाले, "इंग्लिश शिकतेस ना, वाच." मला त्यातलं फक्त वडिलांचं नाव वाचता आलं. दवाखान्यात त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. वर्षभर ते पिशवी घेऊन फिरत होते, आणि पिशवीत काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. नोकरीला लागले तेव्हाच मी ठरवलं, माझ्या काउंटरवरून कुणी न कळलेला रिपोर्ट घेऊन जाणार नाही.

आमच्या लॅबच्या डॉक्टर मोमीन मॅडम. भिवंडीतच जन्मलेल्या, भिवंडीतच प्रॅक्टिस. रागावल्या किंवा थट्टेत आल्या की हिंदीत बोलायच्या. माझी ही सवय त्यांना आवडत नसे.

"सविता, रिपोर्ट देना अपना काम है. मतलब डॉक्टर बताएगा."

"मॅडम, डॉक्टरांकडे वेळ कुठे असतो?"

"तो तुम्हारे पास है? पीछे लाइन देखो."

मी "हो मॅडम" म्हणायचे आणि माझंच खरं करायचे.

नऊ दिवसांनी रिपोर्ट आला. अशा टेस्टला वेळ लागतो, कारण मोठी लॅब पुरेसे नमुने जमले की एकदमच लावते. अ‍ॅस्का दोन प्रकारच्या तपासतात, दोन्ही पॉझिटिव्ह. पी-अँका निगेटिव्ह. मॅडमनी रिपोर्ट वाचला आणि मला जवळ बोलावलं.

"क्रोन्सकडे झुकतोय. पण लक्षात ठेव, आपल्याकडे आतड्याच्या टीबीतही अ‍ॅस्का पॉझिटिव्ह येते. चांगल्या धडधाकट माणसातही कधी कधी येते. या एका कागदावर काही ठरत नाही. कल्याणचे डॉक्टर सगळं मिळून ठरवतील."

मी मान डोलावली. काउंटरवर भोईर उभे होते. पांढरा शर्ट, खिशात पेन, हातात दोन वर्षांची जाडजूड फाइल.

"ताई, सरळ सांगा. काय आलंय?"

"काका, दोन टेस्ट होत्या. एक निगेटिव्ह, एक पॉझिटिव्ह."

"पॉझिटिव्ह कंची?"

"अ‍ॅस्का. म्हणजे खमिराच्या विरोधात रक्तात अँटिबॉडी सापडल्यात."

"खमीर म्हंजे?"

"ज्यानं पाव फुगतो ते. बेकरीत पिठात घालतात बघा."

"पावातला खमीर?"

"हो, तोच."

मागे एक बाई रडणारं मूल घेऊन उभी होती. मुलाचे डोळे पिवळे झाले होते. मी तिच्याकडे वळले. वळता वळता भोईरांना म्हणाले, "आजच कल्याणला दाखवा हं." त्यांनी रिपोर्टची घडी घातली, शर्टाच्या आत ठेवली आणि गेले.

मी बोलले त्यात एक शब्दही खोटा नव्हता. त्या दिवशी मी खूशही होते. एवढं कठीण नाव, आणि आपण चार वाक्यांत गावच्या माणसाला समजावलं.

कल्याणच्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी मॅडमना फोन केला. टीबीचं औषध पूर्ण होऊनही मुलगी बरी नाही, छातीचा एक्स-रे साफ, जखमांची ठेवण क्रोन्ससारखी, आणि वर हा रिपोर्ट. एवढं मिळून त्यांनी क्रोन्स धरला. सुरुवातीला स्टेरॉइड, ते हळूहळू कमी करत न्यायचं. सोबत प्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी एक गोळी. तिने कधी कधी पांढऱ्या पेशी फार कमी होतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं. ते आमच्याकडे.

पहिल्या पंधरवड्याला दर्शना आली तेव्हा मला ओळखू आली नाही. छत्तीस किलो. केसांत गजरा. बाप तर मुलगी पास झाल्यासारखा खूश.

"किती वेळा जातेस आता?" मी विचारलं.

"दोनदा," ती म्हणाली आणि लाजली.

"पाव बंद केला, ताई," भोईर मधेच म्हणाले. "त्याच दिवसापासून बंद."

मी हसले. सुई टोचत होते, शीर या वेळी पहिल्याच खेपेला सापडली होती. त्यांच्या बोलण्याकडे मी लक्ष दिलं नाही.

पुढच्या पंधरवड्याला ती आली नाही. हळद असेल कुणाची, मला वाटलं. त्याच आठवड्यात एक जाडशा मावशी काउंटरवर आल्या.

"मना ती पावाची टेस्ट करायचीय."

"कसली टेस्ट, मावशी?"

"पावाची. पोटात गॅस धरतो माझ्या."

"अशी टेस्ट नसते."

"नसते कशी? भोईराच्या पोरीची केलीत ना? दोन वर्सांचा रोग एका बाटलीत धरलात. आमी काय परके हाव?"

मी त्यांना समजावून परत पाठवलं. दोन दिवसांनी कोनचाच एक माणूस आला. त्याच्या पाठीला खाज होती. त्यालाही पावाची टेस्ट हवी होती. मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या.

"लो, सविता का नया टेस्ट. रेट कार्ड में डाल दें?"

मलाही हसू आलं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. आपण केलेल्या कामाची गावात चर्चा होतेय.

तिसरा आला तो भोईरांचा शेजारी. बायकोला घेऊन आला होता. त्याच्याकडूनच कळलं की कोनमध्ये सकाळी सायकलवर येणारा पाववाला आता भरलेली टोपली तशीच परत नेतो. आळीतल्या निम्म्या घरांनी पाव सोडला होता.

"आनी भोईरनी तं गोल्या पन बंद केल्या," तो म्हणाला.

माझा हात थांबला. "कोणत्या गोळ्या?"

"पोरीच्या. पाव सोडला, पोरगी बरी झाली. आता गोल्या कशाला? तुमीच तं सांगतलंत त्याला, पावाचा खमीर गावला म्हणून."

मी आत मॅडमकडे गेले आणि दोन वाक्यांत सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत.

"स्टेरॉइड अचानक बंद? लगाओ फोन."

फोन भोईरांनी उचलला. "हां ताई! पोरगी एकदम मस्त."

"काका, गोळ्या चालू आहेत ना?"

"आता कशाला? पाव बंद हाय ना."

"जरा दर्शनाला द्या."

दर्शना फोनवर आली. "बरी आहे मी, ताई." पण आवाज जिना चढून आल्यासारखा दमलेला.

"किती वेळा जातेस?"

"बरी आहे ना," ती पुन्हा म्हणाली.

"दर्शना, मी विचारतेय."

"सहा," ती हळूच म्हणाली. "परवापासून. बाबांना नाही सांगितलं. ते खूश आहेत."

मॅडमनी रक्त काढायची बॅग स्वतः माझ्या हातात दिली. "अभी जाओ. और सुनो, वहाँ जाके नया कुछ मत समझाना. जो गलत समझाया है वो ठीक करके आना."

"मॅडम, मी चुकीचं नाही सांगितलं. त्यांनी..."

"तूने आधा बताया. आधा उन्होंने खुद भर लिया. जाओ."

रिक्षात बसल्यावर मी सगळं आठवून पाहिलं. मॅडमनी मला जे सांगितलं होतं, या एका कागदावर काही ठरत नाही, ते वाक्य मी भोईरांना सांगितलंच नव्हतं. सोपं नव्हतं ना ते, म्हणून गाळलं असणार.

भोईरांचं घर नवं, टाइल्स लावलेलं. पडवीत मासे धरायचा पाग टांगलेला. दर्शना आतल्या खाटेवर पडली होती. ओठ सुकलेले, नाडी जलद. तिची आई यमुनाबाई दारापाशी सूप घेऊन तांदूळ निवडत होती. भोईरांनी माझं दणक्यात स्वागत केलं.

"या ताई! बघा, घरात पावाचा तुकडा न्हाय. कुत्र्यालाबी भाकर."

"काका, आधी बसा," मी म्हणाले. "माझी चूक झाली. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं."

हे वाक्य तोंडातून काढायला मला जड गेलं. डिग्री घेतल्यापासून असं वाक्य बोलायची वेळ आली नव्हती.

"काय अर्धं?"

"पावानं तिला रोग झालेला नाही. ती बरी झाली ती गोळ्यांनी."

"आवो, पाव सोडला आनी बरी झाली! मी डोल्यांनी बघितलंय."

"गोळ्या कधी सुरू केल्या?"

"त्याच दिवशी."

"आणि पाव?"

"त्याच दिवशी." ते थांबले. मग चिडून म्हणाले, "दोन्ही एकाच दिवशी केलं तं मना कसं कललं असतं, कशानं बरी झाली?"

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत हा प्रश्न आम्हाला वेगळ्या शब्दांत विचारायचे. त्यांनी तो खाटेच्या कडेवर बसून स्वतःच विचारला. तरी मानायला तयार होईनात.

"मग रक्तात खमीर आला कुठून? कागदावर हाय ना?"

"खमीर नाही आला, त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी आल्या. काका, आतड्याला आतून अस्तर असतं. जे खाल्लं ते त्या अस्तराच्या आत राहतं. अस्तराला जखमा झाल्या की आतलं काहीबाही बाहेर निसटतं, रक्ताच्या नजरेला पडतं. रक्ताला ते परकं वाटतं. डॉक्टर लोकांचा असा अंदाज आहे. म्हणून अ‍ॅस्का सापडली की समजायचं, अस्तर कुठेतरी फाटलेलं असू शकतं."

माझं बोलणं कुठेच पोचत नव्हतं. भोईर दारातून पडवीतल्या पागाकडे बघत बसले होते. तेवढ्यात दारातून सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"म्हंजे खांड पडल्यावानी," यमुनाबाई म्हणाल्या.

मी नारपोलीची, शहरात वाढलेली. "खांड म्हणजे?"

"खाडीच्या बांधाला भगदाड पडतं ना, बाय, ती खांड. भरतीचं खारं पानी शेतात घुसतं. सकाली बघावं तं भातात निवट्या उड्या मारतात."

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातला मासा. तेवढं मला माहीत होतं, बाजारात मिळतो.

यमुनाबाई नवऱ्याकडे वळल्या. "शेतात निवटी गावली, तं बांध निवटीनं फोडला का?"

"चिंबोरी पोखरते बांध," भोईरांनी खेकड्यावर खापर फोडलं. "मना नको शिकवू."

"चिंबोरी पोखरते. मी निवटीचं सांगतेय. तुमी निवट्या धरत बसलात आनी खांड तशीच. वर गावभर सांगत सुटलात, निवटी गावली म्हणून."

खाटेवरून दर्शना हसली. हसता हसता पोट धरलं तिने. पण हसली.

भोईरांनी पागावरून नजर काढली. मग मला म्हणाले, "मग आमच्या पोरीची चिंबोरी कंची?"

हा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांना पडलेला आहे. मी आता शहाणी झाले होते.

"ते अजून कुणालाच पक्कं माहीत नाही, काका."

"डाक्टरलाबी?"

"डॉक्टरांनाही. पण खांड बुजवता येते. त्या गोळ्या तेच करतात. आणि बुजवल्यावर लक्ष ठेवावं लागतं. बरीच वर्षं."

"डाक्टर बोल्लेला तसं," भोईर म्हणाले. "मना वाटलं गोल्या खपवतोय."

"ताई," दर्शनाने खाटेवरून विचारलं, "मग मला पाव खाता येईल?"

"हे तू कल्याणच्या डॉक्टरांना विचार," मी म्हणाले. "माझ्याकडून पावाबद्दल एक शब्द नको."

मी रक्त घेतलं. त्याच दुपारी लॅबमध्ये लावलं. हिमोग्लोबिन आठ, सूज दाखवणारी सीआरपी भरपूर वाढलेली. पांढऱ्या पेशी मात्र ठीक होत्या, ती एक काळजी मिटली. मॅडमनी कल्याणला फोन केला. दर्शनाला दुसऱ्या दिवशी सकाळी दाखल करून घेतलं. चार दिवस सलाइन आणि औषधं. स्टेरॉइड पुन्हा सुरू झालं. कमी कसं करत न्यायचं त्याचा तक्ता डॉक्टरांनी या वेळी तारखा घालून दिला. भोईरांनी तो भिंतीवर चिकटवला. पंधरा दिवस बुडाले. डॉक्टर म्हणाले, महिना बुडाला असता तर ऑपरेशनची वेळ आली असती.

लॅबमध्ये माझी सुनावणी व्हायची होतीच. मॅडमनी मला समोर बसवलं.

"आज से काउंटर पे समझाना बंद."

"मॅडम, मी नसतं सांगितलं तर त्यांनी मेडिकलवाल्याला विचारलं असतं."

"और वो क्या बोलता?"

मी विचार केला. "तेच. खमीर."

मॅडमना हसू आवरलं नाही. पण त्या काही विरघळल्या नाहीत. अर्धा तास आमचं वाजलं. शेवटी दोन गोष्टी ठरल्या. अशा रिपोर्टखाली मराठीत आणि हिंदीत दोन ओळी टाइप करायच्या: 'हा रिपोर्ट एकटा रोग ठरवत नाही. यावरून खाणं किंवा औषध स्वतःहून बदलू नका.' आणि मी समजावलं तर चालेल, पण समजावून झालं की पेशंटला विचारायचं, "आता तुम्ही मला सांगा, काय कळलं?" आणि तो सांगेपर्यंत मागच्या माणसाकडे वळायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात मला घाम फुटला. मी साखरेचा रिपोर्ट सांगितला, तर माणसाने परत सांगितलं की माझी किडनी गेली. एका बाईंना थायरॉइड सांगितलं, त्यांना कळलं की मूल होणार नाही. इतकी वर्षं मी किती जणांना असं काय काय देऊन घरी पाठवलं असेल, कुणास ठाऊक. लाइन लांबली, लोक कुरकुरले. पण ती पद्धत मी सोडली नाही. पुढे माझ्या हाताखाली आलेल्या टेक्निशियन मुलींनाही तीच लावली.

कोनमध्ये भोईरांनी घरोघर जाऊन सांगितलं की पावाचा दोष न्हाय. निम्म्यांनी ऐकलं. उरलेल्यांचं म्हणणं, भिवंडीच्या लॅबवाल्या बाईने आधी खरं सांगितलं आणि मग बेकरीवाल्याच्या भीतीने फिरवलं. त्या गावात आजही काही घरांत पाव येत नाही. त्याला माझा इलाज नाही.

या सगळ्यातून मी शिकले ते एवढंच. माणसाला खरं सांगितलं म्हणजे आपलं काम झालं, असं नाही. त्याने ते कसं घेतलं हे त्याच्याच तोंडून ऐकेपर्यंत आपण काहीच सांगितलेलं नसतं. हे मला कॉलेजात शिकवलं नव्हतं.

दर्शना दर पंधरा दिवसांनी येत राहिली, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी. वर्षभराने कल्याणला पुन्हा दुर्बिणीने पाहिलं, जखमा भरल्या होत्या. वजन सत्तेचाळीस किलो. तिने कॉलेजात पुन्हा नाव घातलं, बी.कॉम. झाली. आता ती पडघ्याजवळच्या एका गोडाउनमध्ये डिस्पॅच सांभाळते. गोळी रोज घेते. आठ तासांची ड्युटी उभ्याने करते, आणि गेल्या तीन वर्षांत पोटासाठी तिने एकही सुट्टी घेतलेली नाही.